थँक्सगिव्हिंगचा गुरुवार आणि शुक्रवारचा बाजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की दरवर्षी मला हेच प्रश्न येऊ लागतात. कुणी नुकतंच भारतातून बदली होऊन आलेलं असतं, कुणाचं मूल शाळेतून कागदाचा टर्की पक्षी करून आणतं, कुणाचे सासू-सासरे पहिल्यांदाच नोव्हेंबरात इथे असतात. मी न्यू जर्सीत राहते. सोळा वर्षांत हा दिवस कधी शेजाऱ्यांच्या टेबलावर, तर कधी आमच्याच घरी वीस-पंचवीस माणसांच्या गडबडीत काढला आहे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत.

1. थँक्सगिव्हिंग कधी असतं आणि त्या दिवशी नेमकं करतात काय?

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. तारीख 22 ते 28 यांत फिरत राहते. 2026 मध्ये 26 नोव्हेंबर, 2027 मध्ये 25 नोव्हेंबर. गुरुवार ही सरकारी सुट्टी आहे. शुक्रवार केंद्र सरकारच्या यादीत नाही, पण बहुतेक शाळा आणि पुष्कळ ऑफिसं बंद असतात, त्यामुळे सलग चार दिवस मिळतात.

करायचं म्हणाल तर घरची माणसं एकत्र येतात, दुपारी उशिरा पोटभर जेवतात आणि कशाबद्दल आभार मानायचे ते बोलून दाखवतात. सकाळी टीव्हीवर परेड, दुपारी अमेरिकन फुटबॉल. कुणी कुणाला भेटवस्तू देत नाही, नवे कपडे घ्यावे लागत नाहीत. माणसं आणि जेवण, एवढ्यावर उभा असलेला हा सण आहे, आणि मला तो त्याचसाठी आवडतो.

2. हा ख्रिश्चनांचा सण आहे का? आपण केला तर चालतं का?

उगम धार्मिक आहे. ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधले प्युरिटन (कडवे प्रोटेस्टंट) लोक पीक चांगलं आलं, दुष्काळ टळला की आभार आणि प्रार्थनेचा दिवस जाहीर करत. आजचा दिवस मात्र सगळ्यांचा आहे. ज्यू, मुस्लिम, हिंदू, कुठलाच देव न मानणारे असे सगळे तो पाळतात. चर्चमध्ये जायची अट नाही. ज्यांच्याकडे जेवाल तिथे जेवणाआधी हात धरून छोटी प्रार्थना होऊ शकते. तेव्हा मान खाली घालून शांत उभं राहिलं की पुरे.

आपल्याला हा भाव नवा नाही. पानाभोवती चित्राहुती घालणं, गाईसाठी घास काढून ठेवणं, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळणं, हे सगळं त्याच जातकुळीतलं आहे.

3. मुलांना शाळेत सांगतात ती गोष्ट खरी आहे का? पिलग्रिम (इंग्लंडहून आलेले वसाहतवाले) आणि इंडियन (इथले मूळनिवासी) एकत्र जेवले वगैरे?

एकत्र जेवण झालं होतं, पण त्याच्या आधीची आणि नंतरची गोष्ट शाळेत बहुधा सांगत नाहीत.

1620 मध्ये मेफ्लॉवर जहाजातून 102 प्रवासी आले. पहिल्या हिवाळ्यात त्यांतले निम्मे दगावले. जिथे त्यांनी वस्ती केली ते आजच्या मॅसॅच्युसेट्समधलं प्लिमथ म्हणजे मुळात वाम्पानोआग या मूळनिवासी लोकांचं पटक्सेट नावाचं गाव. युरोपियन जहाजांबरोबर आलेल्या साथीने काही वर्षांपूर्वीच ते गाव ओस पडलं होतं. त्या गावचा टिस्क्वांटम नावाचा माणूस, ज्याला पुस्तकांत स्क्वांटो म्हणतात, त्याला 1614 मध्ये पळवून स्पेनमध्ये विकलं होतं. तो इंग्लंडमार्गे 1619 मध्ये परत आला तेव्हा त्याचं गावच उरलं नव्हतं. मका कसा पेरायचा हे या नव्या लोकांना शिकवलं ते त्याने. हे मी दरवर्षी वाचते आणि दरवर्षी थांबते: ज्याचं सगळं गेलं, तोच त्याच्या गावात येऊन राहिलेल्यांना जगायला शिकवतो.

1621 च्या शरदात पीक हाती आल्यावर वसाहतीतल्या पन्नासेक माणसांनी मेजवानी केली. वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे 90 पुरुषांसह आला आणि ते लोक तीन दिवस राहिले. त्यांनी पाच हरणं आणली. हे सगळं एडवर्ड विन्स्लो याने त्याच वर्षी लिहिलेल्या पत्रात आहे. पत्रात पक्ष्यांची शिकार आहे, पण टर्कीचं नाव नाही. बटाटा नव्हता, पाय (pie, पारीत गोड सारण भरून भाजलेला पदार्थ) तर नव्हताच. आणि या मेजवानीला त्यांनी थँक्सगिव्हिंग म्हटलं नव्हतं.

पुढे दोन पिढ्याही गेल्या नाहीत. 1675-76 च्या युद्धात मॅसासॉइटचाच मुलगा मेटाकॉम मारला गेला आणि त्याचं शीर प्लिमथमध्ये कित्येक वर्षं टांगून ठेवलं होतं. मुलं मोठी झाली की हेही सांगावं. आजच्या काळात याला कसं सामोरं जायचं ते प्रश्न 15 मध्ये आहे.

4. मग राष्ट्रीय सुट्टी कशी झाली?

एका बाईंच्या चिकाटीने. सारा जोसेफा हेल या संपादिका होत्या. त्यांनी अनेक वर्षं आपल्या मासिकातून आणि पत्रं पाठवून पाठपुरावा केला की सगळ्या देशाने एकाच दिवशी हा सण करावा. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी 1789 मध्ये एकदा असा दिवस जाहीर केला होता, पण दरवर्षीचा पायंडा पडला नव्हता. यादवी युद्ध ऐन भरात असताना 3 ऑक्टोबर 1863 रोजी लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार घोषित केला. देशाचे दोन तुकडे होत असताना घराघरांनी एका दिवशी टेबलाशी बसावं, ही त्यामागची आस होती.

5. दुकानदारांसाठी तारीखच बदलली होती, असं ऐकलं. खरं आहे का?

अगदी खरं. "पूर्वी सण शुद्ध होता, आता बाजाराने बिघडवला" असं कुणी म्हणालं की मी हीच गोष्ट सांगते.

1939 मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. शेवटचा 30 तारखेला. तेव्हा रीत अशी होती की थँक्सगिव्हिंग होईपर्यंत ख्रिसमसच्या जाहिराती करायच्या नाहीत. म्हणजे खरेदीला जेमतेम चोवीस दिवस, तेही मंदीच्या काळात. व्यापाऱ्यांनी गळ घातली आणि अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सण एक आठवडा अलीकडे, 23 तारखेला आणला. लोक भडकले. फुटबॉलचे सामने आधीच ठरलेले होते, दिनदर्शिका छापून झाल्या होत्या, शाळांच्या सुट्ट्या ठरल्या होत्या. निम्म्या राज्यांनी नवी तारीख मानली, निम्म्यांनी जुनी. टेक्साससारख्या राज्याने दोन्ही पाळल्या. नवरा एका राज्यात आणि आई-वडील दुसऱ्या राज्यात, अशा घरांचं काय झालं असेल याचा विचार करा. रूझवेल्टच्या नावावरून लोक त्याला "फ्रँक्सगिव्हिंग" म्हणू लागले. शेवटी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला, 26 डिसेंबर 1941 रोजी त्यावर सही झाली आणि चौथा गुरुवार पक्का झाला.

चौथा, शेवटचा नव्हे. आज आपण जी तारीख पाळतो, ती त्या ओढाताणीतून निघालेली तडजोड आहे.

6. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारच्या खरेदीला ब्लॅक फ्रायडे हे नाव कुठून आलं? दुकानं तोट्यातून नफ्यात येतात म्हणून?

तोट्याची लाल शाई आणि नफ्याची काळी शाई हे स्पष्टीकरण 1980 च्या दशकात मागाहून चिकटवलेलं आहे. नाव आलं फिलाडेल्फियाच्या वाहतूक पोलिसांकडून, 1950 आणि 60 च्या दशकांत. शनिवारी तिथे आर्मी विरुद्ध नेव्ही असा फुटबॉलचा मोठा सामना असे, आदल्या दिवशी उपनगरांतून खरेदीची झुंबड उडे, पोलिसांना रजा मिळत नसे. वैतागून ते त्या शुक्रवारला "ब्लॅक" म्हणत. दुकानदारांना नाव खटकलं. 1961 मध्ये त्यांनी "बिग फ्रायडे" रुजवायचा प्रयत्न केला, तो काही रुजला नाही.

त्यानंतरच्या सोमवारच्या ऑनलाइन विक्रीचं सायबर मंडे हे नाव तर 2005 मध्ये किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेनेच काढलं. त्यावर उतारा म्हणून 2012 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका सांस्कृतिक केंद्राच्या पुढाकाराने पुढचा मंगळवार दान देण्याचा दिवस, गिव्हिंग ट्यूझडे, म्हणून सुरू झाला.

7. परेड पाहायला मुलांना न्यायचं आहे. ती जाहिरातच आहे ना?

जाहिरात आहे आणि तरीही न्या. न्यूयॉर्कची ती परेड मेसीज या दुकानाने 1924 मध्ये सुरू केली तेव्हा तिचं नावच ख्रिसमस परेड होतं. शेवटी सांता येतो तो त्यामुळेच: खरेदीचा मोसम उघडला, हे सांगायला. पहिल्या वर्षी प्राणिसंग्रहालयातले खरे प्राणी होते, 1927 पासून मोठे फुगे आले. 1942 ते 44 युद्धासाठी रबर आणि हेलियम लागत होतं म्हणून परेड झाली नाही.

थंडीत पहाटे सहाला जागा धरावी लागते. दोन मोज्यांचे जोड, थर्मासमध्ये चहा आणि मुलांसाठी बसायला काहीतरी न्या. उंच इमारतींच्या मधून फुगा वाकत येतो आणि खाली दोऱ्या धरलेली माणसं वाऱ्याशी झगडत असतात, ते दृश्य टीव्हीवर कळत नाही.

8. निदान ते खास पदार्थ तरी पिढीजात आहेत ना?

काही आहेत. भोपळ्याचा पाय, क्रॅनबेरी, भाजलेला पक्षी, मका हे जुनं. पण ज्याशिवाय अनेकांचं टेबल पुरं होत नाही ते फरसबीचं कॅसरोल (ओव्हनमध्ये भांड्यासकट भाजलेला पदार्थ) 1955 मध्ये आमच्याच न्यू जर्सीतल्या कॅम्डेन इथे, कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात तयार झालं. डॉर्कस रायली यांनी ते केलं. मशरूम सूपचा डबा, फरसबी आणि वर तळलेला कांदा. रताळ्यावर मार्शमॅलो (साखरेच्या मऊ, फुगलेल्या गोळ्या) घालायची रीत पसरली ती एका मार्शमॅलो कंपनीने 1917 मध्ये काढलेल्या पाककृतींच्या पुस्तिकेतून.

यावरून "मग सगळं खोटंच" असं मी म्हणणार नाही. आमच्या शेजारच्या आजी ते कॅसरोल त्यांच्या आईच्या काचेच्या भांड्यात करत. भांड्याचा एक कान तुटलेला होता आणि तुटलेली बाजू त्या नेहमी भिंतीकडे ठेवत. पदार्थ कंपनीने दिला असेल, पण पन्नास-साठ वर्षं एका भांड्यात शिजून तो त्या घराचा झाला होता. तेव्हा कुठली रीत कुठून आली यापेक्षा ती आज कोण कुणासाठी करतंय, तिकडे मी आधी पाहते.

9. पहिल्यांदाच एका अमेरिकन कुटुंबाने बोलावलंय. काय न्यायचं, किती वाजता जायचं?

"मी काय आणू?" असं आधी विचारा आणि ते सांगतील तेच न्या. काहीच नको म्हणाले तर फुलं, चांगली बेकरीतली मिठाई किंवा घरी केलेला एखादा कोरडा पदार्थ. जेवण बहुधा दुपारी दोन ते पाचच्या मध्ये असतं, त्याला रात्रीचं समजू नका. सांगितलेल्या वेळेला पोचा. अर्धा तास उशीर म्हणजे ओव्हनमधल्या पक्ष्याचा खोळंबा.

तिथे आग्रह करून वाढत नाहीत. एकदा "नको" म्हटलंत की ते खरंच नको धरतात, तेव्हा हवं असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा. जेवणानंतर भांडी आवरायला उभं राहा. माझ्या अनुभवात खऱ्या गप्पा सिंकपाशीच होतात.

10. आम्ही शाकाहारी आहोत. बाजूचे पदार्थ तरी चालतील ना?

सरसकट नाही. विचारायला संकोच करू नका, पण आमंत्रण स्वीकारतानाच विचारा, टेबलावर बसल्यावर नको. स्टफिंग म्हणजे मसालेदार पाव, पण तो बहुधा चिकनच्या रश्श्यात भिजवतात किंवा पक्ष्याच्या पोटातच शिजवतात. ग्रेव्ही टर्कीच्या रसाची असते. मार्शमॅलोमध्ये जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून करतात. काही पायच्या पारीत डुकराची चरबी असते. फरसबीत बेकन घालणारेही आहेत. मॅश्ड बटाटे, क्रॅनबेरी सॉस, मक्याचा पाव आणि भोपळ्याचा पाय साधारण चालतात, मात्र पायमध्ये आणि बहुधा मक्याच्या पावातही अंडं असतं.

सगळ्यात सोपं म्हणजे आपणच दोन माणसांना पुरून सगळ्यांना चाखता येईल असा एक भरपेट पदार्थ न्यावा. रताळ्याचा कीस किंवा मसालेभात नेलात तर तो आधी संपतो.

11. यंदा घरी टर्की करायची आहे. आधी कधीच केली नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती बर्फ वितळवण्यात. फ्रिजमध्ये दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो. पंधरा पौंडांची टर्की रविवारी रात्रीच फ्रीजरमधून खाली आणा. धुऊ नका, रक्ताचं पाणी सगळ्या ओट्यावर उडतं. मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्या आणि मांडीच्या सर्वांत जाड भागात 165 फॅरनहाइट, म्हणजे 74 सेल्सिअस दिसेपर्यंत बाहेर काढू नका. गोठलेली टर्की उकळत्या तेलात सोडायचा विचारही नको. स्वयंपाकातून घराला आगी लागण्याचं प्रमाण अमेरिकेत वर्षभरात याच दिवशी सर्वाधिक असतं. चार माणसंच असाल तर अख्खा पक्षी कशाला? नुसता छातीचा भाग आणा.

12. टेबलावर प्रत्येकाला "मी कशासाठी कृतज्ञ आहे" ते सांगावं लागतं. फार अवघडल्यासारखं होतं. आपल्यात कुठे असं बोलतात?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि मला तो जवळचा आहे. आपल्या घरांत आभार मानणं म्हणजे परकेपणा. आईला धन्यवाद म्हटलं तर ती विचारेल, बरं वाटत नाही का? आपली भाषाच वेगळी आहे. आपण ऋण म्हणतो, उतराई होणं म्हणतो, आणि काही ऋणांत राहणंच पसंत करतो. आभार मानले की हिशेब मिटतो, तो मिटू नये असं आपल्याला वाटतं.

पण इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना ते न बोललेलं आपोआप कळत नाही. म्हणून आमच्या घरी एक केलं आहे. "मी कृतज्ञ आहे" असं म्हणायचं नाही, वर्षातला एक प्रसंग सांगायचा ज्यात कुणीतरी आपल्यासाठी काही केलं. एका वर्षी माझे सासरे उठले. एरवी ते जेवताना बोलत नाहीत. त्यांनी सांगितलं की मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नातवाने पंधरा दिवस त्यांच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घातले आणि प्रत्येक वेळी आधी हात धुतले. एवढंच बोलून ते बसले. मुलगा त्या दिवशी पंधरा वर्षांचा होता, ताटाकडे बघत राहिला. एक प्रसंग, दोन वाक्यं, मराठीत. अवघडलेपण राहत नाही.

13. गुरुवारी दुकानं उघडी असतात का? मला कामावर बोलावलंय, जादा पगार मिळेल ना?

2011 च्या सुमाराला मोठी दुकानं गुरुवारी मध्यरात्री उघडू लागली. मग आठ वाजता, मग सहा वाजता, असं करत विक्री जेवणाच्या टेबलापर्यंत आली. 2020 च्या साथीत त्यांतली बहुतेक गुरुवारी बंद राहिली आणि नंतर अनेकांनी ते तसंच ठेवलं. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि मेन या राज्यांत जुन्या कायद्यांमुळे मोठी दुकानं त्या दिवशी उघडताच येत नाहीत. औषधाची दुकानं, पेट्रोल पंप आणि काही किराणा दुकानं इतरत्र थोडा वेळ उघडी असतात. ऑनलाइन खरेदीला अर्थातच गुरुवार-शुक्रवार काही नसतं, आणि तिच्यामागे गोदामात माणसं उभी असतात हे विसरायला होतं.

पगाराचं: खाजगी नोकरीत सणाच्या दिवशी जादा पैसे द्यावेत असा केंद्राचा कायदा नाही. तासावर काम करणाऱ्या बहुतेकांना आठवड्यात 40 तासांवर काम झालं तर दीडपट मिळतं, ते वेगळं. बाकी मालकाचं धोरण आणि राज्याचा नियम काय आहे ते लेखी विचारून घ्या.

माझं मत सांगते. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. गावातला कितीही अडलेला शेतकरी त्या दिवशी औत धरत नाही. ज्यांच्या श्रमावर वर्ष निघालं त्यांना एक दिवस विसावा, हे आभाराचं पहिलं रूप आहे. दवाखाने आणि अग्निशमन दल चालू राहणारच. टीव्ही संच विकायला मात्र शुक्रवार उजाडेपर्यंत थांबता येतं.

14. आमच्या घरी ब्लॅक फ्रायडेला दुकानासमोरची रात्रीची रांग हीच मजा झाली आहे. सगळे चुलत-मामे भाऊ मिळून जातात. त्यात वाईट काय?

एकत्र जाण्यात वाईट काहीच नाही. पहाटे चारला एका ब्लँकेटमध्ये गुंडाळून कॉफी पिणाऱ्या बहिणींना तीच आठवण आयुष्यभर पुरते, हे मी पाहिलं आहे. गुरुवारचं जेवण मोडून जाऊ नका, एवढंच म्हणेन, आणि त्यामागे माझा अनुभव आहे.

2012 मध्ये आम्ही दोघं त्याच शेजारच्या आजींकडे जेवायला होतो (तुटक्या कानाचं भांडं, प्रश्न 8). रात्री आठला एक दुकान उघडणार होतं आणि आम्हाला स्वस्तात टीव्ही हवा होता. पाय यायच्या आधीच आम्ही उठलो. त्यांनी पारीच्या उरलेल्या कणकेची छोटी पानं कापून पायच्या कडेला एकेक चिकटवली होती, शिरा सुद्धा सुरीने काढलेल्या. त्यांनी काही म्हटलं नाही. दोन तुकडे फॉइलमध्ये बांधून दिले. आम्ही ते रांगेत उभ्या-उभ्या खाल्ले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा त्यांना दुसऱ्या राज्यात घेऊन गेला, त्यानंतर भेट नाही. टीव्ही पाच-सहा वर्षांत गेला.

सवलतींबद्दल व्यवहाराची गोष्ट: त्या आता नोव्हेंबरभर चालतात आणि ऑनलाइन तीच किंमत बहुधा मिळते. हवी ती वस्तू ऑक्टोबरात लिहून ठेवा, तेव्हाची किंमत शेजारी लिहा, मग सवलत खरी की छापील ते कळेल.

15. मुलाला शाळेत पिसांचा मुकुट करायला सांगितलाय. करू द्यावा? आणि मूळनिवासी लोकांना "हॅपी थँक्सगिव्हिंग" म्हणावं का?

पिसांचे ते मोठे मुकुट मैदानी प्रदेशातल्या जमातींचे, आणि तिथेही मानाने मिळवायचे असतात. वाम्पानोआग ते घालत नव्हते. शिक्षिकेला दोन ओळी नम्रपणे लिहा. मुलाने त्याऐवजी मका आणि भोपळा एकत्र पेरल्याचं चित्र काढलं तर चालेल का, असं विचारा. शिक्षक बहुधा आनंदाने मानतात.

1970 पासून दरवर्षी याच गुरुवारी प्लिमथच्या कोल्स हिल टेकडीवर मूळनिवासी लोक राष्ट्रीय शोकदिन पाळतात. त्या वर्षी वाम्सुट्टा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग गृहस्थांना मेफ्लॉवरच्या 350 व्या वर्षानिमित्त भाषणाला बोलावलं होतं. भाषणात त्यांनी काय लिहिलंय ते कळल्यावर आयोजकांनी ते बदलायला सांगितलं. त्यांनी नकार दिला आणि टेकडीवरून ते बोलले. दुसरीकडे अनेक मूळनिवासी कुटुंबं याच दिवशी एकत्र जेवतातही. तेव्हा ओळखीचं कुणी असेल तर "या दिवशी तुमच्याकडे काय असतं?" असं विचारणं बरं. मागचा इतिहास प्रश्न 3 मध्ये आहे.

16. दिवाळी नुकतीच झालेली असते. पुन्हा हा खर्च कशाला?

करायलाच हवा असं नाही. पण इथे दिवाळी बहुधा कामाच्या दिवशी येते, लेकरं वसतिगृहातून येऊ शकत नाहीत, आणि अनेक मराठी घरांत सगळे जमतात ते थँक्सगिव्हिंगलाच. आमच्याकडे त्या शनिवारी राहिलेली भाऊबीज होते. पंचांगात बसत नाही, पण भाऊ समोर असतो. खर्च वाढतो तो दोन्ही सणांत मोठं ताट मांडल्याने. दिवाळीत फराळ, थँक्सगिव्हिंगला एकच जेवण आणि प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा, असं वाटून घेतलं की कुणावर बोजा पडत नाही.

17. मी विद्यार्थी आहे, कुणी बोलावलं नाही. चार दिवस मेस बंद. काय करू?

आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा. अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांना स्थानिक घरी जेवायला पाठवायची सोय असते. जवळच्या महाराष्ट्र मंडळाला निरोप पाठवा, संकोच करू नका. अन्नछत्रांत त्या आठवड्यात वाढायला हात हवे असतात, आणि वाढणारा तिथे उपाशी राहत नाही. नाहीतर तुमच्यासारखे चौघे जमवा. मित्रमंडळींच्या या जेवणाला इथे फ्रेंड्सगिव्हिंग म्हणतात. कंपन्यांनी त्याच्याही जाहिराती सुरू केल्या आहेत, तुम्हाला पिठलं-भात पुरतो. बुधवारी संध्याकाळीच किराणा भरून ठेवा, कारण प्रश्न 13 मध्ये आहे.

18. कॅनडात तारीख वेगळी का? आणि भारतात थँक्सगिव्हिंग नसताना ब्लॅक फ्रायडे कसा आला?

कॅनडात ऑक्टोबरचा दुसरा सोमवार. तिकडे थंडी लवकर, सुगीही लवकर. 1957 मध्ये संसदेने तो दिवस पक्का केला.

भारतात मात्र ब्लॅक फ्रायडेचे फलक मॉलमध्ये आणि मोबाइलवर लागतात. गुरुवार मागे राहिला, नुसता शुक्रवार समुद्र ओलांडून आला. आपल्याला हे अनोळखी नाही. खानदेशात आखाजीला घरोघर पितरांच्या नावाने घागर भरतात, सासुरवाशिणी माहेरी येऊन झोके घेतात. त्याच अक्षय्य तृतीयेला शहरातल्या वर्तमानपत्राचं पहिलं पान सोन्याच्या दरांनी भरलेलं असतं. दुकानदाराला मी दोष देत नाही, त्याने मोसम ओळखला. पण घागरीची आठवण घरातल्या कुणीतरी ठेवावी लागते, ती दुकान ठेवणार नाही.

19. उरलेल्या अन्नाचं काय करायचं?

शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा, बाकीचं गोठवा. पाहुण्यांना डबे भरून द्या, इथेही ती रीत आहे. क्रॅनबेरी उरल्या तर त्यांचं मेथी, हिंग आणि गूळ घालून लोणचं करा. आंबट इतकं असतं की गूळ कैरीच्या लोणच्यापेक्षा जास्त लागतो. टर्कीचा सांगाडा फेकू नका, मिरी आणि आलं घालून उकळला तर सर्दीवर उत्तम सूप होतं.

आणि भोपळ्याच्या गराचा डबा अर्धा उरला असेल तर शुक्रवारी सकाळी त्याचे घारगे करा. डबाबंद गर पातळ असतो, म्हणून तो आधी कढईत गुळाबरोबर आटवून घ्या, चमचा उभा राहीपर्यंत. मग कणीक, थोडं तांदळाचं पीठ, वेलची, चिमूटभर मीठ. पीठ घट्ट मळा, जाडसर थापा, मंद आचेवर तळा.